डोकी मोजायची की तास?

समाज म्हातारा होत चालला की एक उपाय हमखास पुढे येतो: घरी बसलेल्या बायकांना कामावर आणा, जीडीपी आपोआप वाढेल. उपाय चुकीचा नाही. पण तो सांगणारे बहुतेक जण डोकी मोजतात आणि अर्थव्यवस्था चालते तासांवर. किती जणी कामावर आल्या, यापेक्षा त्या आठवड्याला किती तास आणि कोणत्या दर्जाचं काम करतात, यावर सगळं ठरतं. हे बघायला जपानइतकं चांगलं उदाहरण नाही.

जपानमध्ये १५ ते ६४ वयाची माणसं १९९५ च्या सुमारास ८ कोटी ७० लाख होती. आता ती ७ कोटी ४० लाखांच्या आसपास उरली आहेत. गोल्डमन सॅक्स या बँकेतल्या कॅथी मात्सुई यांनी १९९९ मध्येच ‘विमेनॉमिक्स’ हा शब्द वापरून सांगितलं होतं की ही तूट भरून काढायला घरातच माणसं आहेत. २०१३ मध्ये पंतप्रधान शिंझो आबेंनी ते सरकारी धोरण केलं. पुढच्या दहा वर्षांत कामकरी वयातल्या स्त्रियांपैकी नोकरी करणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपासून ७० च्या वर गेलं. अमेरिकासुद्धा मागे पडली. पूर्वी जपानमधल्या नोकरदार बायकांच्या प्रमाणाचा वयानुसार आलेख इंग्रजी एम अक्षरासारखा दिसायचा: पंचविशीत वर, बाळंतपणानंतर खड्डा, चाळिशीत पुन्हा वर. तो खड्डा आता जवळजवळ बुजला आहे.

मग अर्थव्यवस्थेने उडी का मारली नाही? कारण नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त अर्धवेळ किंवा कंत्राटी आहेत. आणि त्या अर्धवेळ राहतात ते काही आवडीनेच असं नाही. नियमांची गणितंच तशी बसवली आहेत.

हे गणित जरा जवळून बघू. नवरा कंपनीत कायम नोकरीला, बायको एखाद्या लहान दुकानात तासावर. तिचं वार्षिक उत्पन्न १३ लाख येनच्या आत असेल तर ती नवऱ्याची आश्रित धरली जाते. पेन्शनचा हप्ता शून्य, आरोग्य विम्याचा हप्ता शून्य. आता ती १२ लाख ९० हजारांवरून १३ लाख १० हजारांवर गेली समजा. २० हजार जास्त कमावले आणि आश्रितपण गेलं. राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता २०२५ च्या दराने महिना १७,५१० येन, म्हणजे वर्षाला २ लाख १० हजार. आरोग्य विमा वेगळा, तो गावागणिक बदलतो. वर खोच अशी की एवढं भरून तिला म्हातारपणी मिळणारी मूळ पेन्शन तेवढीच राहते, जेवढी काहीही न भरता मिळाली असती. झालेला तोटा भरून निघायला तिला १५-१६ लाखांपर्यंत जावं लागतं. मधल्या पट्ट्यात उभं राहायला कोण तयार होईल?

५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत नियम निराळा आहे. तिथे आठवड्याला २० तास आणि महिन्याला ८८ हजार येन झाले की कर्मचारी विमा लागतो, पण अर्धा हप्ता मालक भरतो आणि पुढे पेन्शनही वाढते. तिथे निदान भरलेल्या पैशाचं काही हाती तरी लागतं.

१३ लाखांवर हातातली मिळकत एकदम खाली पाडणाऱ्या या कड्याचा सगळ्यात विचित्र परिणाम किमान वेतनात दिसतो. २०१३ मध्ये देशाचं सरासरी किमान वेतन तासाला ७६४ येन होतं. त्या दराने १३ लाखांची मर्यादा गाठायला वर्षाला १,७०० तास लागायचे, आठवड्याला जवळजवळ ३३. २०२४ मध्ये दर १,०५५ झाला. त्या दराने तीच मर्यादा १,२३२ तासांत येते, म्हणजे आठवड्याला २४ तासांच्या आत. मजुरी वाढली, मर्यादा हलली नाही, म्हणून तीच बाई आठवड्याला नऊ तास कमी काम करते. आकडेवारीत मात्र ती ‘नोकरी करणारी स्त्री’ म्हणून आधीइतकीच मोजली जाते! नोव्हेंबर-डिसेंबरात, दुकानं गर्दीने फुटत असताना, मॅनेजरच्या ड्युटीच्या तक्त्यात भोकं पडतात ती यामुळे. आळस वगैरे काही नाही, मर्यादा संपत आलेली असते.

कराच्या १० लाख ३० हजारांच्या मर्यादेची चर्चा याहून जास्त झाली, पण तिथे खरा कडा कधी नव्हताच. वरच्या रकमेवर फक्त ५ टक्के आयकर लागायचा. तरी बायका तिथे थांबायच्या, कारण अनेक कंपन्या नवऱ्याला मिळणारा कुटुंबभत्ता त्याच आकड्यावर बंद करायच्या. भिंत होती ती नवऱ्याच्या पगारपत्रकात. २०२५ मध्ये सरकारने करमर्यादा वर नेली. भत्त्याचा नियम मात्र ज्याच्या त्याच्या कंपनीच्या हातात आहे.

आश्रित बायकोची ही फुकट पेन्शन १ एप्रिल १९८६ ला सुरू झाली. नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदाही त्याच दिवशी लागू झाला. योगायोग म्हणा किंवा त्या काळाचं दुटप्पीपण. या ‘तिसऱ्या वर्गातल्या विमेदार’ बायकांचा खर्च सगळ्या पगारदारांच्या सामाईक निधीतून जातो, म्हणजे एकटी राहून पूर्णवेळ नोकरी करणारी बाईसुद्धा तो उचलते. उलट नवऱ्याचा स्वतःचा धंदा असेल तर बायकोला हप्ता भरावाच लागतो. या वर्गात २०२४ मध्येही सुमारे ७० लाख जण होते. २०२५ च्या पेन्शन सुधारणेत ८८ हजारांची अट काढायचं ठरलं, कंपनीच्या आकाराची अट २०३५ पर्यंत टप्प्याटप्प्याने जाणार. तिसऱ्या वर्गाला मात्र हात लावला नाही. स्वीडनने १९७१ मध्येच नवरा-बायकोचा आयकर वेगळा केला. जर्मनीत १९५८ पासूनची एकत्र करआकारणी अजून चालू आहे आणि तिथेही अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण मोठं आहे.

आता पाळणाघर. इथेही तासांचाच हिशेब लागतो. जपानी नियमाप्रमाणे एक वर्षाखालच्या ३ बाळांमागे १ शिक्षिका, एक-दोन वर्षांच्या ६ मुलांमागे १. आईची आठ तासांची नोकरी आणि येणं-जाणं धरून पाळणाघर अकरा तास उघडं लागतं, म्हणजे शिक्षिकेच्या एका जागेला जवळपास दीड माणूस. तान्ह्या बाळांच्या खोलीत तीन बाळांच्या आया नोकरीसाठी मोकळ्या करायला दीड बाई गुंतते. दोन वर्षांच्या मुलांच्या खोलीत सहा आया मोकळ्या होतात, माणसं तेवढीच. म्हणून पहिलं वर्ष पगारी रजा आणि त्यानंतर खात्रीची जागा, हीच जोडणी स्वस्त पडते. जोड जिथे सुटते तिथे नोकरी जाते.

जपानमध्ये ती सुटते कारण प्रवेश मुख्यतः एप्रिलमध्ये होतात. रजा नोव्हेंबरात संपली तर काय करायचं? म्हणून जागा न मिळाल्याचं पत्र दाखवलं की रजा दीड, मग दोन वर्षांपर्यंत वाढते. मग काही पालक मुद्दाम सर्वांत गर्दीच्या पाळणाघराला अर्ज करू लागले, नकार मिळावा म्हणून! एप्रिल २०२५ पासून अर्जांची तपासणी कडक झाली. प्रतीक्षायादी २०१७ मध्ये २६ हजारांवर होती, २०२४ मध्ये २,५६७ वर आली. हे काम त्यांनी चोख केलं, ते कबूल करायला हवं.

पण म्हाताऱ्या समाजात पाळणाघर ही सोपी बाजू आहे. मूल किती वर्षांनी शाळेत जाणार हे माहीत असतं, वडिलांचं आजारपण किती वर्षं चालेल हे कुणालाच माहीत नसतं. २०२२ च्या सरकारी पाहणीत वर्षभरात १ लाख ६ हजार जणांनी घरच्यांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली, त्यात ८० हजार स्त्रिया. अनुभवी, बहुधा पन्नाशीच्या आसपासच्या.

कायद्याने प्रत्येक आजारी नातेवाइकामागे ९३ दिवसांची रजा आहे, ६७ टक्के भत्त्यासह. बरेच जण ती स्वतः सेवा करण्यात संपवतात आणि चौथ्या महिन्यात राजीनामा देतात. ही रजा व्यवस्था लावण्यासाठी आहे. पहिल्याच आठवड्यात २००० सालापासूनच्या शुश्रूषा विम्याचा अर्ज द्यायचा. गरजेची पातळी ठरायला साधारण महिना जातो. मग केअर मॅनेजर (सेवांची आखणी करून देणारा) निवडायचा, दिवसाचं केंद्र आणि घरी येणारी मदतनीस ठरवायची, न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवायचे (घरातल्या अशा बदलांच्या २ लाख येनपर्यंतच्या खर्चाला विमा लागू होतो). रजा तीन तुकड्यांत घेता येते. एक सुरुवातीची घडी बसवायला, एक इस्पितळातून घरी किंवा वृद्धाश्रमात हलवताना आणि एक अखेरच्या दिवसांसाठी राखून.