देणग्या आणायला माणूस नेमू नका, स्वतः जा

ठाण्यातल्या लहान संस्थांच्या बैठकांना मी बरीच वर्षं बसतोय. पैशांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याला एक चांगला फंडरेझर हवा." मग त्याचा पगार कुठून आणायचा यावर चर्चा होते आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. माझं स्पष्ट मत: ऑफिसात दोन-तीन माणसं असलेल्या संस्थेनं हा नाद सोडावा. ज्याला ५-१० लाख द्यायचे असतात, तो पगारी माणसाला चहा पाजून परत पाठवतो. त्याला समोर विश्वस्त हवा असतो, आणि त्या विश्वस्तानं स्वतः काही दिलंय का हेही त्याला जाणून घ्यायचं असतं. (इथे निम्मे विश्वस्त मोबाइल बघायला लागतात.)

ऑफिसातली ताई पावत्या फाडते, पगार करते, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद सांभाळते, ३१ मेच्या आत १०बीडी (आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरणपत्र) भरते, प्रत्येक देणगीदाराला १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) पाठवते. वर तिनंच मोठे देणगीदारही शोधायचे? तिच्याकडून एकच गोष्ट मागा: गेल्या सात-आठ वर्षांच्या पावत्यांमधून न चुकता देणाऱ्यांची यादी. दरवर्षी ठरावीक तारखेला, बहुतेक कुणाच्या तरी स्मृतिदिनाला, ५,००० पाठवणारे कुणीतरी आजोबा त्यात निघतातच. नौपाड्यात राहतात, आपल्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. त्यांच्या घरी आजवर संस्थेतलं कुणीही गेलेलं नसतं. अशी पंधरा-वीस नावं विश्वस्तांनी आपसात वाटून घेतली तर वर्षभराला तेवढं काम पुरतं.

आणि गेल्यावर आकडा सांगा. वागळे इस्टेटमध्ये एका कारखानदारांकडे आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त आणि मी गेलो होतो. बाहेर प्रेसचा धाडधाड आवाज. साहेबांनी आमचा रंगीत अहवाल बाजूला सारला, ताळेबंद उघडला आणि खर्चाच्या बाजूवर बोट फिरवत विचारलं, "एका मुलामागे वर्षाला किती पडतात?" सांगितलं. "मग माझ्याकडून किती हवेत?" आमचे काका हात जोडून म्हणाले, "तुमच्या मनाला येईल ते द्या, साहेब." साहेबांनी ड्रॉवर उघडून ५,००० चा चेक लिहिला आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. माणूस लाख-दोन लाखांच्या तयारीत बसला होता, हे मी पैजेवर सांगतो.

"येऊरच्या पाड्यातल्या अभ्यासिकेच्या दोन शिक्षिकांचं वर्षाचं मानधन ३ लाख ६० हजार आहे, ते तुम्ही उचलाल का?" असं विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. फार तर नाही म्हणतील, किंवा एकीचं देतील.

वेळ कुठून आणायचा? चॅरिटी शो बंद करा. घाणेकरला नाहीतर वाशीत भावेला प्रयोग लावायचा, दोन महिने नातेवाइकांच्या गळ्यात तिकिटं मारायची, स्मरणिकेच्या अर्ध्या पानासाठी दुकानदारांच्या पाया पडायचं. हॉलचं भाडं, नाटकाचं मानधन, छपाई वजा जाता उरतं काय? माझं भांडण नाटकाशी नाही. नाटक बघायला मी स्वतः तिकीट काढून जाईन.

दुसरा मोह सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकार्यावर खर्च करायच्या पैशांचा. सगळ्यांना मोठ्या नावाची कंपनी हवी असते, आणि तिथले अहवाल भरता भरता आपली ताई मेटाकुटीला येते. त्यापेक्षा महापे-रबाळ्याच्या घरच्या कंपन्या बघा. वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटींवर गेला की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमायची सक्ती नाही, संचालक मंडळच ठरवतं. घरच्या कंपनीत मंडळ म्हणजे दोन भाऊ आणि एक वहिनी! तुमची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेला सरकारकडे करावी लागणारी) आणि तीन वर्षांचं काम मात्र दाखवता आलं पाहिजे.

८०जीच्या, म्हणजे देणगीदाराला मिळणाऱ्या आयकर वजावटीच्या, भरवशावर फार राहू नका. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतही २,००० च्या वरच्या रोख देणगीला ती नाही. कर वाचतो म्हणून देणारा मार्चअखेर घाईत चेक देतो आणि विसरून जातो. ज्यांना खरंच द्यायचंय त्यांच्याकडे दिवाळीनंतर जा, निवांत असतात.

देणगी आली की चार-सहा महिन्यांनी काही न मागता पुन्हा जावं. शक्यतो शिक्षिकेला सोबत न्यावं आणि तिलाच बोलू द्यावं. अडचणी झाकू नयेत. मुलं गळाली असतील तर किती आणि का, ते सांगावं. धंदा केलेल्या माणसाला सगळं छान चाललंय म्हणणाऱ्याचाच जास्त संशय येतो.

आणि त्या यादीतल्या आजोबांचा मुलगा अमेरिकेत असेल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय असेल तर हरकत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर हातात ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याच्याकडून रुपयाही घेता येत नाही.