झडप टिकटिकतेय म्हणून इको नको? त्या फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हृदयाची झडप बदलल्यावर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढणं म्हणजे पैसे उकळायचा धंदा. ईसीजी नॉर्मल आणि टिकटिक ऐकू येतेय, म्हणजे झडप ठणठणीत. रिपोर्टात ‘लीक’ लिहिलं की ऑपरेशन फसलं, पडद्यावर निळं दिसलं की रक्त अशुद्ध, आणि इकोनंतर आणखी तपासणी सांगितली की समजा लुबाडणूक. गडहिंग्लज, गगनबावड्याहून एसटीनं आलेली माणसं हा मेसेज पुढं करतात, म्हणून हे लिहितोय.

निळ्याचं आधी संपवतो. “हितं समदं निळंच दिसतंय की ओ डॉक्टर,” एक मावशी धसकूनच गेल्या होत्या. इकोतला रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा भाग म्हणजे कलर डॉपलर, आणि त्याचे रंग मशीन भरतं. छातीवर टेकवतात त्या प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. हृदयाच्या टोकाकडून प्रोब धरला, तर महाधमनीत निघालेलं, ऑक्सिजननं भरलेलं रक्तच निळं दिसतं!

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख. झडपेतून रक्त कसं जातंय ते त्यात दिसत नाही. टिकटिकीचं मात्र थोडं खरं आहे. धातूच्या, म्हणजे यांत्रिक झडपेचा आवाज एकाएकी बसका झाला किंवा बंद पडला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पण आवाज नीट आहे म्हणून टाक्यांच्या कडेनं गळती नाही असं होत नाही, आणि प्राण्याच्या ऊतीपासून केलेली जैविक झडप तर टिकटिकतच नाही.

आता ‘लीक’. या शब्दानं घरंच्या घरं हादरतात. दोन पाकळ्यांच्या यांत्रिक झडपेत बिजागरीपाशी थोडं रक्त मागं यावं अशी सोय मुद्दाम ठेवलेली असते. त्या बारीक धारांनी जागा धुतली जाते आणि गुठळी धरायला वाव कमी मिळतो. रिपोर्टात त्या ‘फिजिऑलॉजिकल’, म्हणजे स्वाभाविक, म्हणून येतात. काळजीची गळती वेगळी. ती झडपेच्या कड्याबाहेरून, शिवण सुटलेल्या जागेतून होते. तिथं रक्तपेशी फुटतात, हिमोग्लोबिन उतरतं, कधी लघवी गडद होते. सोबत ताप असेल तर झडपेला जंतुसंसर्ग झालाय का, हे आधी बघावं लागतं. लीक आहे की नाही एवढ्यावर थांबू नका; कुठून आणि किती, हे विचारा.

मेसेजमध्ये नसलेला, पण लोकांना तितकाच घाबरवणारा आकडा म्हणजे ‘ग्रेडियंट’. राजाराम बंधाऱ्याच्या गाळ्यातून पाणी जसं वेग घेतं, तसंच अरुंद वाटेतून रक्त. डॉपलर तो वेग मोजतं. वेगाचा वर्ग करून ४ नं गुणलं की दाबातला फरक, म्हणजेच ग्रेडियंट, मिळतो. सेकंदाला ३ मीटर वेग म्हणजे पाऱ्याचे ३६ मिलिमीटर. बसवलेली झडप मूळ झडपेइतकी मोकळी नसतेच, त्यामुळे थोडा ग्रेडियंट राहणारच. त्यात ताप, रक्तक्षय किंवा गरोदरपण असेल तर प्रवाहच वाढतो आणि झडप चांगली असूनही आकडा चढतो. म्हणून झडपेच्या अलीकडचा वेगही मोजतात. दोन्ही वाढले तर प्रवाह जास्त. फक्त झडपेतला वाढला तर गुठळी किंवा आत वाढलेल्या पेशींचा संशय.

हे ओळखायला तुमचाच जुना आकडा लागतो. शस्त्रक्रियेनंतर १ ते ३ महिन्यांतला पहिला इको त्यासाठीच असतो. नेमका तोच कागद लोक घरी ठेवून येतात.

दर दोन-चार महिन्यांनी इको हवा का? त्रास नसेल तर नको, इथं मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. शस्त्रक्रियेनं बसवलेल्या जैविक झडपेसाठी अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ५ आणि १० वर्षांनी, मग दरवर्षी इको सांगतात. युरोपात दरवर्षीच बघतात. दम लागू लागला, ताप हटेना, तर मात्र तारखेची वाट बघायची नाही. आणि इको चांगला आला म्हणून आयएनआर चुकवायचा नाही, ती तपासणी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची आहे.

राहिली ‘लुबाडणूक’. धातूची झडप अल्ट्रासाउंड अडवते आणि मागं सावली पडते. मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, झडप बदललेली असेल तर छातीवरून बघताना डावा कर्णिका-कप्पा नेमका त्या सावलीत जातो आणि मोठी गळतीही निसटू शकते. तेव्हा अन्ननलिकेत प्रोब घालून मागच्या बाजूनं बघतात. पाकळ्या पूर्ण उघडतात का, हे काही वेळा साध्या एक्स-रेच्या हलत्या चित्रात, फ्लुरोस्कोपीत, जास्त स्वच्छ दिसतं.