आठ-बत्तीसचे आटे

२०२३ साल साताऱ्याला जरा जास्तच बाणेदार गेलं. जुलैत पार्थ साळुंखे आयर्लंडमध्ये तिरंदाजीचा युथ वर्ल्ड चॅम्पियन झाला, ऑगस्टमध्ये अदिती स्वामी बर्लिनला जाऊन सतराव्या वर्षी थेट सीनियरची वर्ल्ड चॅम्पियन. त्याच्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिक करून आलेलाच होता. त्यात पेपरात आलं की पोरं उसाच्या रानातल्या अकादमीत शिकली. हे वाचून बाकीच्यांनी काय अर्थ काढला माहीत नाही, मी असा काढला की ऊस तर आमच्या सासरवाडीलापण आहे.

वय सेहेचाळीस, पोवई नाक्याजवळ झेरॉक्सचं दुकान. एक साधं लाकडी धनुष्य आणि कार्बनचे बारा बाण ऑनलाइन मागवले, महिनाभर एका ग्राउंडवर जाऊन धरायचं कसं सोडायचं कसं एवढं शिकलो, पण तिथं शेजारी सातवीतली पोरगी दणादण मधल्या पिवळ्या गोलात मारते आणि वर "काका, कोपर वर" म्हणते, ते काय फार दिवस सोसलं नाही. मग दर रविवारी कोरेगावकडं, सासरवाडीच्या रानात. (अजिंक्यताऱ्यावर का नाही असं विचारणारे भेटले. अहो तिथं माणसं फिरायला येतात, त्यांना घरी पण जायचं असतं.)

निशाणा म्हणजे कडब्याच्या चार पेंढ्या एकावर एक, आणि मागं तालीचा बांध, म्हणजे हुकलेला बाण पलीकडं जायला नको. पहिल्या दिवशी मेहुणा बघायला आला.

"दाजी, ह्यानं काय मारायचं?"

"काही नाही रे, नुसता निशाणा."

"मग एवढं लांबनं कशाला? जवळ जाऊन मारा की."

कडब्याला लागला की बाणाला काहीच होत नाही. पण माझे बारातले सात बांधाला लागायचे, आणि आमच्या जिल्ह्यात माती म्हणजे दोन दगडांच्या मधली जागा. तोही साधासुधा नाही, काळा बसाल्ट, ज्याच्यावर घणसुद्धा उडतो. चार रविवारांत कान असा तयार झाला की न बघता सांगायचो. थप्प आलं की माती. टिंग आलं की दगड, म्हणजे टोकाचा बोऱ्या वाजला. आणि काहीच आवाज नाही आला तर कुसळीचं गवत, बाण गवताच्या मुळाशी सरपटत सापासारखा आत जातो आणि मग अख्खं कुटुंब वाकून रान धुंडतं.

बाणांबरोबर आलेली टोकं महिन्यात संपली. काही बोथट झाली, दोनतीन चक्क वाकली. म्हटलं चांगली टिकाऊ घेऊ. तर टोकांची वजनं ग्रॅममध्ये नाहीत, ग्रेनमध्ये. शंभर ग्रेन, सव्वाशे ग्रेन. आणि वाटेल ते घेऊन चालत नाही, टोक जड झालं की तोच बाण सुटताना जास्त लवचतो आणि उजव्या हाताच्या माणसाचा उजवीकडं जायला लागतो. माझा आधीच जायचा, त्यामुळं मला फरक कळला नसता, पण तत्त्व म्हणून शंभरचीच सहा मागवली. हातात घेतली तर एक हलकं वाटलं. किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं तर काटा हलेना.

मग मोती चौकात ओळखीच्या सोनाराकडं गेलो. म्हातारे मालक गादीवर. कागदाच्या पुडीतनं सहा लोखंडी टोकं काढून मखमलीच्या ट्रेमध्ये ठेवली तेव्हा शेजारी मंगळसूत्र बघत बसलेल्या बाई जरा सरकून बसल्या.

"मोडायचंय का?" मालक.

"नाही, वजन बघायचंय फक्त. शंभर ग्रेन आहे का."

मला वाटलं हाकलतील. पण मालकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ग्रेन होय, म्हणजे इंग्रजांच्या वेळचं. एकशेऐंशी ग्रेनचा एक तोळा." मी मोबाईलवर हिशोब केला, बरोबर, शंभर ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमला एक केस कमी, अर्ध्या तोळ्याच्या जरा वर. त्यांनी एकेक टोक चिमट्यानं उचलून काचेच्या काट्यात ठेवलं, ६.१०, ६.४५, ६.९०, आणि शेवटी मान हलवून "घट आहे" असं इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला फसवला गेल्याचं खरं दुःख तिथं झालं.

घरी बायकोला हे सांगितलं ते चुकलं. "पंधरा वर्षांत पहिल्यांदा सोनाराकडं गेलात," ती म्हणाली, "आणि लोखंड घेऊन?"

तरी मी हटलो नाही. एमआयडीसीत एक लेथवाले आहेत, त्यांना नमुना दिला, म्हटलं अस्संच बनवा, फक्त दणकट. त्यांनी टोक बघितलं, आटे बघितले, म्हणाले एम-फोर आहे, म्हणजे चार मिलिमीटरचा मेट्रिक आटा, उद्या या. दुसऱ्या दिवशी सहा टोकं तयार, काय देखणी, आरशासारखी, आणि एकेकाचं वजन बारा ग्रॅम. म्हणजे तोळ्याच्या वर. बाणात फिरवायला गेलो तर दोन आटे आत गेली आणि अडकली. पकडीनं पण हलेना.

तेव्हा कळलं की बाणाच्या टोकाचे आटे एम-फोर नसतातच, आठ-बत्तीस असतात. अमेरिकन माप. इंचात बत्तीस आटे, म्हणजे दोन आट्यांत ०.७९ मिलिमीटर, आणि एम-फोरला ०.७. डोळ्याला एकच. लेथवाल्यांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही अमेरिकेतच करून घ्यायची ना."

शेवटी जरा पैसे घालून कडक पोलादाची घेतली, आट्यांना मेण लावून बसवली, कारण नुसती बसवली की धक्क्यानं ढिली होतात आणि बाण ओढला की टोक निशाण्यातच राहतं. पहिला बाण सोडला. टिंग. पळत गेलो. टोक जसंच्या तसं! ओरखडा नाही! आनंदानं मेहुण्याला दाखवायला बाण वर धरला तर मागचा कार्बन बोटभर चिरलेला. टोक नाही वाकलं, त्यानं तो सगळा धक्का मागं ढकलला, आतला इन्सर्ट, म्हणजे टोक ज्यात फिरवून बसवतात ती पुंगळी, पाचरीसारखा आत घुसला आणि नळी फुटली. तसा चिरलेला बाण परत सोडायचा नसतो, सुटताना फुटला तर तुकडे हातात घुसतात, म्हणून दर वेळी बाण कानाशी धरून जरा वाकवायचा आणि करकर येते का ऐकायचं. मेहुणा म्हणतो, "दाजी बाणाला इच्यारतायत, बाबा जातोस का."

यावर उपाय आहे, नळीच्या तोंडावर बाहेरनं धातूची इंचभर बांगडी चढवायची, म्हणजे तोंड फुटत नाही. लोहाराच्या दांड्याला वसू असतो तसंच. तशी बारीक नळी कुठं मिळेना. सासऱ्यांच्या जुन्या रेडिओच्या एरियलचा खालून दुसरा कप्पा मात्र नेमका बसला. तेव्हापासून सांगली आकाशवाणी खरखरते असं सासऱ्यांचं म्हणणं. मीडियम वेव्हला एरियल लागत नाही, आत फेराइटचा रॉड असतो, हे मी सांगून बघितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत, रेडिओशी बोलतात.

आता गवतासाठी एक स्प्रिंगवालं टोक वापरतो, पुढं बोथट आणि बाजूला तारेचे चार हात, ते गवतात अडकतात आणि बाण आत न सरपटता कोलांटी खाऊन वरच पडतो. हे मात्र खरंच कामाचं. दगडापुढं तेही काही नाही, तारा वाकतात, पण पकडीनं सरळ होतात. आणि बांधाच्या पुढं मेहुण्यानं मळीची आणि भुश्श्याची जुनी पोती रचून दिली, त्यात नव्वद टक्के प्रश्न मिटला. पहिल्याच रविवारी सुचायला हवं होतं म्हणा. पण मग सोनार कळला नसता.

परवा सासरवाडीला गेलो तर गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, वर पातळ साडी अंथरलेली, आणि मार्चचा वारा असून साडी जागची हलत नव्हती. बघितलं तर चारी कोपऱ्यांना माझी लेथवरची आरशासारखी टोकं, एम-फोरच्या आट्यांत दोरा गुंडाळून बांधलेली, आणि दोन मधल्या काठाला. बायको खालनं ओरडली, "अहो, ती तोळ्याची अजून चार करून आणता का, पापडाला कमी पडतायत."