तीन कॉर्ड आणि एक मनगट

रामोन्स हा पंक बँड, म्हणजे साधं आणि सुसाट रॉक, ऐकणाऱ्याच्या डोक्यात कधी ना कधी किडा वळवळतोच, की हे तर मलाही जमेल. लताबाई ऐकून कुणाला असं वाटत नाही. तिथे आपण मुकाट्याने कानाची पाळी धरतो. पण न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली ही पोरं दोन-अडीच मिनिटांत गाणं उरकतात. १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. आमच्याकडे तेवढ्या वेळात निवेदकाचं प्रास्ताविक संपत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये ते लंडनला गेले. तिथल्या द क्लॅश या पंक बँडची मंडळी तेव्हा नवखी होती, आपल्याला अजून धड वाजवता येत नाही म्हणून कुढत होती. रामोन्सचा गिटारवाला जॉनी रामोन त्यांना म्हणाला म्हणे, की आम्ही तर भिकार वाजवतो, या ऐकायला. तुम्ही खुशाल स्टेजवर चढा. १९७७ मध्ये एका इंग्लिश फॅन-मासिकाने तीन कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीची, चित्रं छापली आणि खाली हुकूम सोडला, आता बँड काढा. इतकं सगळं वाचल्यावर पन्नाशीला टेकलेल्या माणसाने सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घरी आणली, तर बायकोने एवढं तोंड पाडायचं काय कारण?

तीन कॉर्ड खरंच येतात हो. मनगट येत नाही. जॉनी सगळं डाउनस्ट्रोकने वाजवायचा. पिक, म्हणजे तारा छेडायची चपटी चकती, फक्त वरून खाली, परत वर नेताना तारेला शिवायचं नाही. तेही सेकंदाला पाच-सहा वेळा. शिवाय डाव्या हाताची तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून बार कॉर्ड धरायची. पहिल्या कडव्यात दंड भरून येतो, दुसऱ्यात अंगठा बधिर होतो, आणि पिक बोटांतून निसटून सोफ्याखाली जातं. ते काढायला वाकलं की कंबर. १९९६ पर्यंत या माणसाने दोन हजारांवर कार्यक्रम असे वाजवले. माझ्याच्याने दुसऱ्या दिवशी पोळीचा तुकडा मोडवेना.

हाडांच्या डॉक्टरांनी कोपर दाबून विचारलं, "टेनिस खेळता का?"

"नाही, पंक."

"या वयात पंखे कशाला पुसता? माणूस लावा."

तरी बँड जमला. बेस गिटारवर ऑफिसातला एक मित्र. या गिटारला चारच तारा असतात म्हणून तो खूश. रामोन्सपैकी कुणी कुणाचा भाऊ नव्हता, तरी सगळ्यांनी एकच आडनाव लावलं. आम्हीही 'रामाणे' लावणार होतो, पण बेसवाल्याचं म्हणणं, आधीच आधार आणि पॅनवर स्पेलिंग वेगळं आहे, नवी भानगड नको. ड्रमर मिळेना, म्हणून ढोलपथकातला एक ताशेवाला धरून आणला. वेगाच्या बाबतीत ताशेवाल्याला आव्हान देऊ नये. मी मोठ्या ऐटीत "वन टू थ्री फोर" ओरडलो आणि पहिली कॉर्ड सापडेपर्यंत तो गाणं संपवून घाम पुसत होता. वर म्हणाला, "गाणी चांगली आहेत काका, जरा संथ आहेत."

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "ड्रिलिंग किती दिवस चालणार आहे? दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं असतं, माहितीये ना?" मी अ‍ॅम्पचा आवाज कमी केला. त्यांनी घरात डोकावून फुटलेल्या फरश्या शोधल्या, त्या न मिळाल्याने जास्तच संशयाने बघितलं आणि गेल्या.

समोरच्या फ्लॅटमधला दहावीतला मुलगा मात्र रोज दाराशी येऊन उभा राहायचा. मला बरं वाटायचं. म्हटलं, एक तरी दर्दी निघाला. शेवटी त्याने तोंड उघडलं.

"काका, मीपण गिटार घेणार आहे. आधी वाटायचं, आपल्याला नाही जमणार. तुम्हाला ऐकलं आणि भीतीच गेली."

त्याच्या वडिलांनी क्लासची फी भरलेली आहे, गणिताच्या. हल्ली ते मला बघितलं की लिफ्ट सोडून जिन्याने जातात.