खुलासा: सहा प्रश्नांवर एडीएचडी ठरत नाही

‘सहापैकी चार प्रश्नांना होकार आला की तुम्हाला एडीएचडी आहेच,’ असा मेसेज फिरतोय. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड करणारा, लहानपणापासूनचा विकार. हा मेसेज चूक आहे. ती प्रश्नावली नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. विसराळूपणा, कामात चित्त न लागणं हे चिंता, नैराश्य, थायरॉईड, घोरताना श्वास अडकून मोडणारी झोप यांतही दिसतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ विचारतात: वयाच्या 12 वर्षांआधीपासून हे होतं का? घरी आणि कामावर, दोन्हीकडे अडतं का? जुनं प्रगतिपुस्तक सापडलं तर जरूर न्या. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ हा बाईंचा शेरा तिथे खरंच कामी येतो. आणि चिंतारोग निघाला म्हणजे एडीएचडी नाहीच, असंही नाही. दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे.