कापलेले गवत उचलणार कोण?

आज दुपारी विदर्भातल्या जंगलातून जाणाऱ्या गाडीत, दाराशी उभ्या असलेल्या एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनी जळती सिगारेट बाहेर भिरकावली आणि मी हटकल्यावर ‘बाहेर तर जंगलच आहे’ असे उत्तर दिले. त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. परंतु रुळांच्या कडेचे गुडघाभर वाळलेले गवत आणि त्याला लागूनच पसरलेला सागाच्या पानांचा थर पाहिल्यापासून तो दुसरीकडे वळला आहे.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. पौष संपायच्या आत त्यांची गँग हे गवत विळ्याने कापून आडवे करीत असे आणि वाळले की पहाटे, दव असताना, ओल्या फांद्या हाताशी ठेवून जाळीत असे. शेवटची धग विझल्याशिवाय कोणी जेवणाचा डबा उघडत नसे. आता काम ठेक्यावर जाते, कापणी झाली की बिल निघते आणि कापलेले गवत तिथेच पडून राहते. म्हणजे उभे जळण आडवे करून वाळत घातले, एवढेच. तेही मार्चमध्ये! वनखाते १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरते आणि त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करते. रुळांची पट्टी ही आयती जाळरेषा असताना दोन खात्यांना एकत्र बसता येऊ नये?

आपल्याकडचे बरेचसे वणवे मोहफुले आणि तेंदूपानांसाठी लावलेल्या आगींतून पसरतात, हे मान्य. रुळांखालचा मातीचा भराव उघडा केला तर पावसात माती वाहून जाते, हेही मान्य. पण गवत मुळासकट काढा असे म्हणतो कोण? बाबांची गँग मुळांना हात लावत नसे.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २०१८ साली सुमारे ५४ हजार एकर जंगल जळाले, तेव्हा सरकारने कोळशाच्या इंजिनातील ठिणगीला जबाबदार धरून रेल्वे कंपनीवर दावा लावला आणि २०२२ मध्ये कंपनीने दोन कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आपल्या रेल्वे कायद्यात डब्यात धूम्रपान करणाऱ्याला दंड आहे शंभर रुपयांपर्यंत.

उन्हात रूळ तपासत मैलोनमैल चालणाऱ्या आजच्या कामगारांना मी बोल लावणार नाही. ते बाबांचेच भाऊबंद आहेत. निविदेत मात्र एक अट हवी : ३१ जानेवारीच्या आत गवत कापून उचलल्याशिवाय बिल मिळणार नाही. माझ्या यादीतील जे मित्र असे ठेके घेतात, त्यांनी याने खर्च किती वाढतो ते खाली लिहावे.