“कार्ड काढलं नव्हतं का?” असं विचारणाऱ्यांसाठी

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक क्यूआर कोड आला. कुणाच्या तरी ओळखीतल्या रिक्षावाल्याच्या बायकोचं ऑपरेशन. सोबत हॉस्पिटलच्या फाइलचा फोटो, आयसीयूतला तिचा फोटो (तो टाकायला नको होता, पण हल्ली त्याशिवाय कुणाचा हात खिशाकडे जात नाही) आणि खाली ‘जमेल तेवढी मदत करा’. काही जणांनी पैसे पाठवून स्क्रीनशॉट टाकले. मग एका काकांचा मेसेज: “महाराष्ट्रात सगळ्यांना ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. यांनी कार्ड काढलं नव्हतं का? लोकांना जागरूकताच नाही.” त्यावर धडाधड अंगठे.

मी ग्रुपवर काही बोलले नाही. सोसायटीत राहायचंय. म्हणून इथे लिहितेय.

काका म्हणतात ते कागदावर अगदी खरं आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी ही राज्याची मोफत उपचारांची योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाख. मग २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान आली, ५ लाखांची. आणि १ जुलै २०२४ पासून राज्याने सांगितलं की पिवळं, केशरी, पांढरं, रेशनकार्ड कुठलंही असो, सगळ्यांना ५ लाख. यादीत तेव्हा १,३५६ उपचार होते. म्हणजे हे पोस्ट वाचणारे, मेडिक्लेम असलेले, दोन-दोन गाड्या असलेले तुम्हीही त्यात आलात. अभिनंदन.

आता माझ्या मामाची गोष्ट ऐका.

मामा गावी असतो. थोडी शेती, थोडं किराणा दुकान. छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्र होती. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून सांगितलं, इथे वेळ घालवू नका, शहरात न्या. ज्या हॉस्पिटलमध्ये नेलं ते योजनेत होतं, दारावर भलामोठा बोर्ड होता. मामी हुशार बाई. निघताना रेशनकार्ड, आधार, झेरॉक्स, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. जागरूकता म्हणतात ना, ती हीच.

काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाली, नाव जुळत नाही. आधारवर दत्तात्रय, रेशनकार्डवर दत्तू. अहो, अख्खं गाव त्याला दत्तू म्हणतं, रेशनकार्ड लिहिणाऱ्यानेही तेच लिहिलं असणार! “आरोग्यमित्रांना भेटा.” आरोग्यमित्र म्हणजे योजनेच्या पेशंटना मदत करायला हॉस्पिटलात बसवलेला माणूस, तो जिन्याखालच्या टेबलावर. टेबल होतं, खुर्ची होती, माणूस नव्हता. सकाळी येतील म्हणाले. बरं, त्याच मजल्यावर मेडिक्लेमचा डेस्क होता, काचेची केबिन, एसी, आणि त्या वेळीही तिथे एक मुलगा बसलेला. “तोवर डिपॉझिट भरून घ्या, मंजुरी आली की बघू.”

डिपॉझिट भरलं. कसं भरलं ते पुढे सांगते.

हे सांगितलं की लगेच कुणीतरी नियम सांगतं. तातडीच्या पेशंटला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. आहे तो नियम, मलाही आता माहीत आहे. पण छातीवर हात ठेवून बसलेल्या माणसाच्या बायकोने रात्री काउंटरवर उभं राहून तो नियम वाचून दाखवायचा का? आणि समोरची मुलगी म्हणाली की सर नाहीत, तर? नियम ज्याला पाळायचाय त्यालाच तो विसरण्यात फायदा असेल, तर तो कुणी आठवून द्यायचा?

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारने आकडा वाढवला. दीडाचे पाच केले, उद्या दहा करतील, निवडणूक जवळ आली की पंधराही करतील. पण त्या रात्री मामीला पाच लाख नको होते. तिला “या, आत घ्या यांना, बाकी आम्ही बघतो” असं म्हणणारं कुणीतरी हवं होतं. ते वाक्य कुठल्याच जीआरमध्ये नसतं.

डॉक्टर मित्रमैत्रिणी आता चिडतील. पॅकेजचे दर परवडत नाहीत, बिलं महिनोन्महिने अडकतात, छोटी हॉस्पिटलं त्यात मरतात. मान्य. खोटं नाही ते. पण मग योजनेतून बाहेर पडा ना. दारावर बोर्डही ठेवायचा आणि जिन्याखालची खुर्चीही रिकामी, हे कसं चालेल?

आणि हो, योजनेने माणसं वाचतात. आमच्या ऑफिसमधल्या एकीच्या भाच्याचं हृदयाचं ऑपरेशन एक पैसा न देता झालं. झालं. नाकारत नाही.

मग सरकारी दवाखान्यात जा, म्हणतील. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळंच मोफत केलं. छान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात नवजात बाळंही होती. औषधं नव्हती, होती, स्टाफ कमी होता, रुग्ण शेवटच्या क्षणी आणले होते, किती दिवस तो घोळ चालला. मंत्री आले, कॅमेरे आले. आठवतंय का कुणाला? का पुढच्या बातमीबरोबर ते पण गेलं? मोफत केलं म्हणजे मिळालं असं होत नाही हो. मोफत मिळायला आधी ती वस्तू तिथे असावी लागते. बाहेरून आणायला दिलेली औषधाची चिठ्ठी हातात घेऊन मेडिकलच्या रांगेत उभं राहिलेल्याला विचारा, काय मोफत मिळालं.

धर्मादाय हॉस्पिटलचंही तेच. कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. उत्पन्नाची मर्यादा १.८० लाख आणि ३.६० लाख. ही हॉस्पिटलं सरकारकडून सवलती घेतात, त्याच्या बदल्यात हे. २०२५ मध्ये पुण्यात त्या गर्भवती बाईच्या मृत्यूनंतर डिपॉझिटवरून केवढा गदारोळ झाला, तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की असा काही कायदा आहे. खाटा कुठे आहेत, किती रिकाम्या आहेत, हे विचारायला गेलात की समाजसेवा विभागात पाठवतात. तो विभाग सायंकाळी बंद होतो. आजार मात्र रात्रीच येतात बहुतेक.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या आरोग्यमित्राचंही वाईट वाटतं खरं तर. दुसऱ्या दिवशी तो आला, पोरसवदा मुलगा, कंत्राटी. त्याने मामीला खुर्ची दिली, नावाचं प्रकरण ऐकून घेतलं, स्वतः फोन लावत बसला. “मावशी, होईल, पण भरलेले पैसे परत मिळायचं मी सांगू शकत नाही.” खरं बोलला बिचारा. त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं.

मंजुरी आली. अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. कागदावर मामा ‘लाभार्थी’ आहे. कुठल्यातरी अहवालात तो एक आकडा होऊन बसला असेल.

डिपॉझिटसाठी मामीने बोरमाळ गहाण ठेवली होती. त्या रात्री नाही, रात्री माझ्या मामेभावाने मित्रांकडून गोळा केले. सकाळी सोनाराचं दुकान उघडल्यावर ती स्वतः गेली आणि मित्रांचे पैसे आधी फेडले. डिपॉझिटमधून “हे योजनेत बसत नाही” म्हणून काय काय कापलं त्याची पावती अजून तिच्या पिशवीत आहे. ग्लोव्हज, कसलेसे किट, ‘मिसलेनियस’. मी दोनदा वाचली, मला कळली नाही. मी शिकलेली आहे हो.

आणि त्यापुढच्या गोळ्या! रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, आता जन्मभर. योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाची आहे. घरी बसून वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्याला ती फारशी ओळखत नाही. मामा अधूनमधून गोळी चुकवतो. विचारलं तर म्हणतो, “आता बरं वाटतंय गं.” मला माहिती आहे का चुकवतो ते, त्यालाही माहिती आहे मला माहिती आहे ते.

तेव्हा ग्रुपवरच्या काकांना माझं सांगणं आहे, रिक्षावाल्याच्या बायकोने कार्ड काढलं होतं का, हे विचारण्याआधी तिच्या नवऱ्याला फोन करून विचारा की काउंटरवर काय झालं. तुम्ही रिटायर्ड आहात, वेळ आहे, इंग्रजी येतं, आवाज मोठा आहे. तुम्ही त्यांच्यासोबत त्या टेबलापर्यंत गेलात तर दोनशे रुपयांच्या स्क्रीनशॉटपेक्षा जास्त काम होईल. टोमणा नाही हा. खरंच जा.

योजनेची हेल्पलाइन १५५३८८. सेव्ह करून ठेवा. घरातल्या सगळ्यांची नावं रेशनकार्डवर आणि आधारवर सारखी आहेत का तेही आजच बघून घ्या, दुरुस्तीला तहसीलमध्ये वेळ लागतो. हॉस्पिटलने पैसे मागितले तर लेखी द्या म्हणा, पावती घ्या.

कमेंटमध्ये कुठलं सरकार चांगलं होतं ते सुरू करू नका. २०१२ पासून सगळ्यांचीच सरकारं होऊन गेलीत. उडवून टाकीन.